नीळ जास्त झालेली साडी

खांद्याला कॅमेऱ्याची बॅग दिसली की लोकांना एकच प्रश्न सुचतो, "दादा, कुठला कॅमेरा घेऊ?" लग्नात नवरदेवाचा मामा विचारतो, शेअर रिक्षात शेजारी बसलेला विचारतो, एकदा तर मयताला गेलो होतो तिथे एकाने हळूच विचारलं. पूर्वी मला हा प्रश्न फार आवडायचा. कॅम्प तीनला रिक्षात बसल्यापासून अंबरनाथ स्टेशन येईपर्यंत मी बोलत राहायचो आणि विचारणारा बिचारा मध्येच कुठेतरी उतरून जायचा. आता मी एवढंच म्हणतो, "आधी डोळे तपासून घे बाबा." लोकांना वाटतं हा माणूस उद्धट आहे. थोडा आहेच मी. पण हे मी चिडून म्हणत नाही. असं का म्हणतो, तेच इथे सांगायचंय.

माझा स्टुडिओ उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत. खालच्या गाळ्यात मशिनी, वर मी. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की वर माझा ट्रायपॉड थरथरतो, म्हणून त्याच्या पायांखाली मी जुन्या स्लिपरांचे तुकडे चिकटवलेत. बाजारात यासाठी परदेशी रबरी पॅड मिळतात. स्लिपर बरी. राहायला आम्ही बदलापूरला, मी आणि बायको रंजना. लग्नसराईत लग्नं करायची, बाकीच्या महिन्यांत गल्लीतल्या शेठ लोकांच्या जीन्सचे ऑनलाइन विक्रीसाठी फोटो काढायचे, आणि अधूनमधून पासपोर्ट साइजवाले येतात, ज्यांना सगळ्यांना गोरं दिसायचं असतं.

कॅमेऱ्याबद्दलची माझी मतं सांगून टाकतो, नाहीतर मला चैन पडणार नाही. लेन्स फिक्स घ्यावी, पन्नासची. झूम लेन्सने माणूस आळशी होतो, एका जागी उभा राहून नुसता गोल गोल फिरवत बसतो. फिक्स लेन्स असली की जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की माणसं बोलतात, हसतात, फोटोत येतात. मिररलेस कॅमेरा चांगला, पण बॅटरी खातो, आणि त्याला आवाज नाही. जुन्या डीएसएलआरचा खटका वाजला की अख्खी वरात सरळ उभी राहायची. कार्ड नेहमी दोन टाकावीत. फ्लॅश छतावर मारून परत आणावा, असं आम्ही शिकलो, पण आता हॉलवाल्यांनी छतांना जांभळे दिवे लावलेत, तेव्हा ती विद्या वाया गेली. आणि फोटो रॉमध्येच काढावा. रॉ म्हणजे कच्ची फाइल. कॅमेऱ्यात जेवढा प्रकाश गेला तेवढा सगळा, न शिजवलेला. आपण लोकांना देतो तो फोटो म्हणजे शिजवलेली भाजी. तिच्यात मीठ जास्त पडलं की काढता येत नाही.

मीठ टाकण्याची आमच्याकडची मुख्य जागा म्हणजे पांढरा रंग. ट्यूबलाइटखाली पांढरं कापड हिरवट येतं, बल्बखाली पिवळं, सावलीत निळसर. माणसाचं डोकं ते आपोआप सांभाळून घेतं, कॅमेऱ्याला मात्र सांगावं लागतं की बाबा रे, हे पांढरं आहे, याच्यावरून बाकीचे रंग लाव. आमच्या बौद्ध समाजाच्या लग्नात तर नवरानवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या पेटलेल्या, वरून हॉलचे दिवे, एका खिडकीतून ऊन. तीन प्रकारचा उजेड एकाच पांढऱ्या साडीवर. ती साडी फोटोत पांढरी आणणं हा माझा अभिमानाचा विषय होता. अंबरनाथ, बदलापुरात लोक म्हणायचे, याच्याकडे पांढरं पांढरंच येतं.

पहिली तक्रार आली ती गोपूशेठची. माझ्या समोरच्याच गाळ्यात त्यांचा जीन्सचा कारखाना. मी पाठवलेले फोटो मोबाइलवर उघडून ते जिना चढून वर आले. हातात खरी जीन्स, दुसऱ्या हातात मोबाइल. म्हणाले, "साईं, ये किसकी जीन्स है? मेरी तो नहीं है." मी पाहिलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती. मी म्हटलं, शेठ, तुमच्या मोबाइलची स्क्रीन खराब आहे. ते म्हणाले, गिऱ्हाईक माल परत पाठवतंय, फोटोत गडद निळी आणि घरी येते ती फिकी, त्या सगळ्यांचे मोबाइल खराब आहेत का?

मग मी एकेकावर आळ घ्यायला सुरुवात केली. आधी दिव्यांवर. नवीन एलईडी लाइट घेतले होते ते काढून जुने लावले. मग कॅमेऱ्यावर. नवीन मिररलेसला मनात शिव्या घातल्या आणि कपाटातून जुना डीएसएलआर बाहेर काढला. शेठची तक्रार तशीच राहिली, तेव्हा पुन्हा नवाच घेतला. मग मॉनिटरवर. मॉनिटरचे रंग मोजायचं एक यंत्र असतं, ते एका मित्राकडून मागून आणलं. काचेवर लावलं. यंत्र म्हणालं, मॉनिटर ठीक आहे. मी मित्राला फोन करून सांगितलं की तुझं यंत्र बिघडलंय. आता हे आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र मी अगदी गंभीर होतो.

याच काळात सुजाताताईंच्या मुलीचं लग्न केलं. सुजाताताई आमच्याच बदलापूरच्या, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जातात. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी प्रज्ञा. लग्न ठरलं तेव्हा त्या स्वतः स्टुडिओत आल्या आणि एकच गोष्ट बजावून गेल्या. प्रज्ञा नवी साडी नेसणार नव्हती. ती ताईंचीच लग्नातली साडी नेसणार होती. उल्हास नदीच्या पुरात त्यांचं घर बुडालं, तेव्हा लग्नाचा अल्बम गेला, भिंतीवरचे फोटो गेले, ही साडी तेवढी वाचली होती. त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नाचं आता दुसरं काही नाही. तेव्हा साडी नीट येऊ द्या." मी छातीवर हात ठेवून सांगितलं की ताई, पांढऱ्याची काळजी तुम्ही करू नका.

लग्न छान झालं. त्रिशरण, पंचशील, पुष्पहार. प्रज्ञा उंच मुलगी, त्या सुती साडीत सुंदर दिसत होती. घरी येऊन फाइली उघडल्या तर सगळे फोटो मला पिवळे दिसले. मी म्हटलं, जुनी साडी, वर हॉलचे बल्ब, पिवळं येणारच. बसलो आणि एकेक फोटोतला पिवळेपणा काढला. पांढरं स्वच्छ दिसेपर्यंत निळं वाढवत गेलो. अल्बम छापून आणला आणि अभिमानाने ताईंच्या घरी घेऊन गेलो.

ताईंनी पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग अल्बम मिटून माझ्यासमोर ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडायला मला येतं. त्या म्हणाल्या, "दादा, ही माझी साडी नाही. नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखी दिसतेय." प्रज्ञाने अल्बम ओढून घेतला, पाहिला, आणि खाली मान घालून म्हणाली की हो काका, आम्ही सगळे थोडे आजारी दिसतोय. मी ते पान खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं, सरळ धरलं. मला साडी पांढरीशुभ्र दिसत होती. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. एक शेठ चुकू शकतो, यंत्र बिघडू शकतं, पण आई आणि मुलगी दोघी एकाच साडीबद्दल कशा चुकतील?

मी सांगितलं की फाइली मला पिवळ्या दिसत होत्या, म्हणून निळं वाढवलं. ताईंनीच विचारलं, डोळे कधी दाखवले होते? मी म्हटलं, चष्मा आहे ना. त्या म्हणाल्या, चष्म्याचं नाही म्हणत, आत काही आहे का ते बघा, माझ्या आईला असंच सगळं पिवळं दिसायचं.

डॉक्टर मॅडमनी अंबरनाथच्या दवाखान्यात माझी हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकवली, उजेड टाकला आणि लगेच म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त पिकलाय, पिवळा-तपकिरी झालाय. उजवा म्हणजे माझा कॅमेऱ्याचा डोळा. जन्मभर व्ह्यूफाइंडरला लावलेला तोच. त्यांनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आत एक भिंग असतं, ते वयाबरोबर हळूहळू पिवळं होतं. इतकं हळू, की माणसाला कळतच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी कॅमेऱ्याच्या लेन्स पुसत होतो, बुरशी लागू नये म्हणून त्यांच्या डब्यात पावसाळ्यात तांदूळ ठेवत होतो, आणि ज्या लेन्समधून त्या लेन्स बघत होतो तिच्यावर कुणीतरी रोज चहाचा एकेक थेंब टाकत होतं.

मॅडमनी विचारलं की ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून आत लेन्स कुठली टाकायची. एक प्रकार एकाच अंतराला अगदी स्पष्ट दिसणारा, दुसरा लांबचं आणि जवळचं दोन्ही थोडं थोडं दाखवणारा. मी म्हटलं, म्हणजे फिक्स आणि झूम. त्या हसल्या. म्हणाल्या, झूम नाही हो, पण तुम्हाला समजलं तर चालेल. मी म्हटलं, फिक्स टाका. रंजना शेजारी बसली होती, तिने कपाळाला हात लावला. पण घरी आल्यावर तीच मला म्हणाली की भीती वाटते तर तसं सांगा, थट्टा कसली करता. वाटत होतीच. हा डोळा बिघडला तर मला दुसरं काहीच येत नाही. आणि ती साडी तशीच निळी राहणार होती, हेही डोक्यातून जात नव्हतं.

ऑपरेशनबद्दल लोक सांगतात की काही कळत नाही. मला सगळं कळलं आणि ते मी विसरणार नाही. डोळा थेंब टाकून बधिर केला होता, पण दिसत होतं. आधी पांढरा दिवा. मग त्याचे तुकडे झाले आणि ते पाण्यात हलायला लागले. गुलाबी, मग हिरवं, मग असा एक निळा, जो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि पाहिला नव्हता हेही मला माहीत नव्हतं. उभा जन्म मी उजेड टिपून खाल्ला, पण उजेड आतून कसा दिसतो ते त्या टेबलावर निजून पाहिलं. मॅडम शेजारच्या सिस्टरला काहीतरी साधं सांगत होत्या, बहुतेक पुढच्या पेशंटचं. मला वाटत होतं त्यांना म्हणावं, अहो बघा तरी इथे काय चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर एका पत्र्याच्या शेडवर निळी ताडपत्री टाकलेली होती. साधी, पावसाळ्यात आपल्याकडे घराघरावर असते ती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकं निळं असतं? मला रडू आलं. सिस्टर ओरडली की डोळा चोळू नका, रडूही नका. मी म्हटलं, बाई, ताडपत्री बघा. तिने बाहेर पाहिलं आणि माझ्या डोळ्यात थेंब टाकले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नंतर करायचं होतं, त्यामुळे काही काळ मला एक नवा आणि एक जुना असे दोन डोळे मिळाले. ही चैन मी पुरेपूर केली. उजवा मिटला की जग चहात बुडवलेलं. डावा मिटला की पांढरं लख्ख, गार. घरी येऊन पहिल्यांदा रंजनाला पाहिलं, एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या. डाव्या डोळ्यात ती अजून लग्नातल्यासारखी, जरा पिवळसर, संध्याकाळच्या उन्हात उभी असावी तशी. उजव्या डोळ्यात तिचे पांढरे केस एकेक सुटे दिसत होते, ओठांच्या कडेच्या रेघा दिसत होत्या. तिची बांगडी हिरवी होती, ती मला काळी वाटायची. मी पुन्हा पुन्हा डोळे बदलत राहिलो. ती म्हणाली, "या वयात डोळा काय मारताय?" मी सांगितलं, उजव्या डोळ्यात तू जास्त खरी दिसतेस. तिला ते कौतुक वाटलं नाही.

मॅडमनी परवानगी दिल्यावर रिक्षा करून कॅम्प तीनला गेलो. गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि तिथेच थांबलो. दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर धुऊन वाळत टाकलेल्या जीन्स. मी रोज या गल्लीतून जातो. मला त्या सगळ्या करड्या, काळपट दिसायच्या. आज त्यात किती निळे होते! शाईचा निळा, आकाशाचा, काहीसा हिरवट, काहीसा जांभळ्याकडे झुकणारा, गुडघ्यावर घासलेला, शिवणीपाशी दाटलेला. या निळ्यांचे फोटो काढण्याचा माझा धंदा, आणि ते मी आंधळ्यासारखे काढत होतो. गोपूशेठ दारात होते. मी त्यांना सांगितलं की शेठ, जीन्स तुमचीच होती, डोळा माझा नव्हता. त्यांनी मला आत नेलं, चहा पाजला, आणि एकेक जीन्स माझ्यासमोर धरून विचारत बसले, ये कैसा दिखता है, ये कैसा दिखता है. आम्ही दोघं लहान मुलांसारखे बराच वेळ तेच करत होतो.

मग वर जाऊन कॉम्प्युटर लावला. प्रज्ञाच्या लग्नाचे मी दिलेले फोटो उघडले. साडी निळी. नवरा निळा. मेणबत्तीची ज्योतसुद्धा आजारी. ताईंनी किती सौम्य शब्द वापरले होते ते तेव्हा कळलं. त्याआधीच्या किती घरांत माझे असे अल्बम गेले असतील याचा विचार मनात आला. त्यांच्या कच्च्या फाइली मी जागा व्हावी म्हणून केव्हाच पुसल्यात. ती माणसं सज्जन म्हणून बोलली नसतील, किंवा त्यांना वाटलं असेल की फोटोत असंच येतं. त्याला आता इलाज नाही. प्रज्ञाच्या लग्नाचा अल्बम मात्र परत आला होता, म्हणून तिच्या रॉ फाइली माझ्या डिस्कवर तशाच होत्या.

रॉ उघडली. कॅमेऱ्याने सगळं बरोबर घेतलं होतं. ज्या कॅमेऱ्याला मी शिव्या घातल्या होत्या, त्याने साडी जशी होती तशी टिपून ठेवली होती आणि मी नवा डोळा आणीपर्यंत तो गप्प राहिला होता. साडी पांढरी नव्हतीच. जुन्या सुती कापडाला येतो तसा सायीचा रंग होता. घडी जिथे वर्षानुवर्षं पडून होती तिथे किंचित गडद पट्टे. आणि पदराच्या टोकाला एक रेघ. वाकडी, फिकट, चहाच्या डागाच्या कडेसारखी. मी फोटो मोठा केला. रेघेच्या खालचं कापड वरच्यापेक्षा जरा मातकट होतं. पदर दिसतो त्या प्रत्येक फोटोत ती होती. लग्नाच्या दिवशी माझ्या समोर होती. मला दिसली नव्हती, आणि निळ्याच्या पुरात मी तिला पार धुऊन टाकलं होतं.

ताईंना फोन करून साडी घेऊन यायला सांगितलं. रविवारी त्या आणि प्रज्ञा आल्या. साडी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली. मी ती खिडकीपाशी टेबलावर पसरली, शेजारी कोरा कागद ठेवला, एका डोळ्याने पाहिली, मग दुसऱ्या. दोघी माझ्याकडे बघत होत्या. डाव्या डोळ्याला साडी आणि कागद एकच दिसत होते. उजव्याला त्यात इतके पांढरे दिसत होते की त्यांना नावं नाहीत. मी स्क्रीनवरचा फोटो साडीला लावून लावून रंग जुळवला. मग कामाच्या सवयीने विचारलं, कारण आम्ही विचारतोच, लग्नाच्या फोटोत डाग कुणाला नको असतो. म्हटलं, "ताई, पदरावर एक रेघ आहे. काढून टाकू? एका मिनिटात जाईल."

ताई स्क्रीनजवळ आल्या. चष्मा वर केला. बोट काचेवर रेघेच्या कडेने हळूहळू फिरवलं, आणि माझ्याशी नाही, प्रज्ञाशी बोलल्या.

"पुरात तुझ्या पप्पांनी पेटी डोक्यावर धरली होती. पाणी छातीपर्यंत होतं. पेटीच्या फटीतून पदराचं टोक बाहेर लोंबत होतं, तेवढं भिजलं. बाकी त्यांनी भिजू दिली नाही."

प्रज्ञाने टेबलावरचा पदर उचलला आणि ती रेघ हातात धरून उभी राहिली. मी डावा डोळा मिटून घेतला, म्हणजे नीट दिसावं. ताई मला म्हणाल्या, "राहू द्या दादा. इथपर्यंत आलं होतं पाणी."